धुऱ्याकडच्या शेरण्या

शेरणी म्हणजे काय, हे आता बहुतेकांना सांगावं लागतं. मुठीत मावेल एवढं पिवळं फळ, अंगावर हिरव्या रेघा. वऱ्हाडात कपाशीच्या वावरात वेलावर पिकायचं, दिवाळीच्या सुमारास. चव तशी बेताचीच, आंबटगोड आणि जरा पिठूळ. त्याचं सगळं मोठेपण वासात. घरात चार शेरण्या असल्या तर आलेल्या माणसाला ते उंबऱ्यावरच कळायचं.

आम्ही बडनेऱ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. वडील रेल्वेत होते. आईचं माहेर पातूरच्या अलीकडे, अकोल्याहून एसटीनं जायचं एक खेडं. भाऊबीज आटोपून परतताना आईजवळ कापडी पिशवीभर शेरण्या असायच्या. पॅसेंजरच्या डब्यात कोणीतरी हमखास विचारायचं, "शेरन्या आनल्या काय, बाई?" आणि आई लगेच पिशवीत हात घालायची. ओळख ना पाळख, दोन-दोन शेरण्या वाटत सुटायची. बडनेरा येईस्तोवर पिशवी अर्धी व्हायची आणि मी फुगून बसायची. उरलेल्या ती मागच्या दाराशी सुपात ठेवायची. शाळेतून आले की मी मुद्दाम मागच्या दारानं घरात शिरायची.

मग मामांनी वावर विकलं, ते शहरात गेले, आणि आईचं माहेर संपलं. तिच्या शेवटच्या दिवाळीत मी परदेशात प्रबंध लिहीत होते. फोनवर ती म्हणाली, "यंदा शेरनी खावाशी वाटून राहिली." मी घाईत होते. म्हटलं, "मग बाजारातून मागव ना, त्यात काय!" तिनं तिकडे थंडी किती आहे ते विचारलं. पौषात ती गेली. मी पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं, घरात फक्त माणसं होती.

त्यानंतर मला दोन वर्षांची संशोधनवृत्ती मिळाली. विषय भारदस्त होता: छोट्या शेतीत बदलत्या हवामानाशी जुळवून घेताना बाईच्या हाती किती निर्णय असतात. गावं कोणती निवडली आणि का, यावर मी दोन पानं लिहिली. जमिनीचा पोत, पावसाचा लहरीपणा, सगळं होतं त्यात. खरं कारण तेवढं त्यात नव्हतं. आईच्या माहेराच्या आसपास हिंडायला मला कोणीतरी पगार देत होतं, आणि मला एक शेरणी हवी होती. वडील निवृत्त होऊन बडनेऱ्यातच राहत होते, त्यांनाही हवी होती. ते बोलून दाखवत नसत, पण मी गावाहून परतले की भाजी चिरता चिरता मान वर न करता विचारायचे, "भेटली?"

अकोल्याच्या बाजारात फळं विकणाऱ्या एका बागवान चाचींना मी विचारलं होतं. त्या हसल्या. "वो तो गई, बेटा. अब कपास में दवा मारते ना. घास के साथ बेल भी जलती."

ती वर्षं शेतीच्या संकटाची होती. गावात नवा माणूस दिसला की तो एकतर पत्रकार, नाहीतर सर्वेवाला, असा लोकांचा पक्का समज झाला होता. पहिल्याच दिवशी एका बाईनं मला कागद काढताना पाहिलं आणि अंगणातूनच सांगितलं, "आमच्या घरी कोनी मेलं नाई, बाई. समोरच्या गल्लीत जा." मी हातातले कागद परत पिशवीत घातले. म्हटलं, माझी आई इथलीच, शेजारच्या गावची. बाईनं हातातला झाडू खाली ठेवला. "कोनाची व तू?" मी आजोबांचं नाव सांगितलं. "अव माय! मंग तं तू आमची भाची लागली! आमचे मालक अन् तुही माय शिवेवरच्या एकाच विहिरीचं पानी पेले."

तिनं नवऱ्याला हाक मारली. साठीचा, काटक माणूस गोठ्यातून आला, खांद्यावर दुपट्टा. भाची म्हटल्यावर त्यानं हात धुतले, पुढे आला आणि वाकून माझ्या पाया पडला. आमच्याकडे मामानं भाचीच्या पाया पडायची रीत आहे, लहानपणी मामा पडायचे तेव्हा मला गुदगुल्या व्हायच्या. पण आता मी पस्तिशीची, पिशवीत संमतीपत्रं. मी एक पाऊल मागे सरकले. तो म्हणाला, "सरकू नको. आमाले दोष लागते." त्या दिवसापासून ते माझे मामा आणि ती मामी. माझ्या नोंदवहीत त्यांना एक क्रमांक होता, तो मी नंतर कधी वापरला नाही.

मार्गशीर्ष चालू होता, कापसाची वेचणी सुरू होती, शेरण्यांचा काळ सरला होता. पण चुलीजवळच्या भिंतीवर तळहाताएवढ्या तीन शेणाच्या थाप्या चिकटवलेल्या मला दिसल्या. गोवरी म्हणावी तर फार लहान. मामी म्हणाली, "बी हाये. शेरनीचं. शेनात धरून भिंतीले लावलं की धुरानं कीड नाई लागत." मी त्या थापीला नाक लावलं. शेणाचा आणि धुराचा वास आला, दुसरा कसलाच नाही. मामीला काय वाटलं कोण जाणे, ती म्हणाली, "येत्या दिवाईले ये. तुह्या बापासाठीबी ने."

मग मी माझं काम केलं. गावातल्या बायांना विचारत फिरले की वावरात काय पेरायचं हे कोण ठरवतं. प्रत्येकीनं सांगितलं, मालक. मामीही म्हणाली, "मी कायचं ठरवतो व? वावर त्याइचं." आमच्याकडे बायाही ‘मी करतो, मी जातो’ म्हणतात. पुण्याच्या वसतिगृहात मुली हसल्या तेव्हा मी ते सोडून दिलं होतं. मी रकान्यात ‘पती’ असं लिहिलं. त्या रकान्यात दुसरं काही लिहायची वेळच येत नव्हती, आणि मला मनातून थोडं बरं वाटत होतं, कारण माझ्या परदेशातल्या वरिष्ठांचं म्हणणं तेच होतं.

पेरणीला मी मामीच्या वावरात होते. कपाशीचं एकेक बी हातानं मातीत टोबून झालं होतं, मधून मधून तुरीचा एकेक तास सोडायचा होता. तास म्हणजे पिकाची ओळ. मामा तिफण हाकत होते आणि तिच्यामागं दोरीला बांधलेलं बांबूचं नळकांडं, ज्याला सरतं म्हणतात, ते धरून मामी मुठीमुठीनं तूर सोडत चालली होती. वावराच्या टोकाला धुरा होता, म्हणजे शेजाऱ्याच्या आणि यांच्या वावरामधला बांध. धुऱ्यालगतचा शेवटचा तास आला तेव्हा मामीनं कमरेची गाठ सोडली. त्यातलं बी तिनं मुठीत घेतलं: शेरणी, बरबटी म्हणजे चवळी, अंबाडी, तीळ, थोडी ज्वारी. मामांनी त्याच वेळी बैल थांबवले आणि उगाचच दुसरीकडे पाहत तंबाखू मळत बसले. तिची मूठ भरेपर्यंत ते मळतच होते. मग "हं" म्हणाले आणि तिफण निघाली.

मी विचारलं, "मामांना माहीत आहे?" मामी म्हणाली, "काय माईत? काईच नाई." जरा वेळानं म्हणाली, "माह्या मायचं बी हाये. मी आनलं लग्नात. सासू होती, तिचंबी होतं. समद्या बाया करतात, शेरनी तेवढी माह्याजवळच रायली. कोनी सांगत नाई, कोनी पुसत नाई."

त्या वर्षी पेरणी झाल्यावर पावसानं दडी मारली. कपाशीची कोवळी पानं करपली, गावातल्या अर्ध्या लोकांनी दुसऱ्यांदा बियाणं आणलं. धुऱ्याकडचा तास मात्र उभा होता. आधी बरबटी आली, मग अंबाडी. तुरीच्या मधून शेरणीचे वेल पसरले. मामीच्या घरी त्या महिन्यात रोज तिथलीच भाजी होती, आणि मामा ती निमूट खात होते. मी अक्षरशः हरखले. ज्याच्यासाठी मोठमोठे शब्द वापरून निधी मागतात, ते मामी कमरेला बांधून फिरत होती. मी रात्रंदिवस लिहिलं, वरिष्ठांना कळवलं, त्यांचं उत्तर आलं की हे लोकांसमोर मांड, बायांच्या कामाला मान मिळेल. मलाही तेच वाटत होतं. मी खोटं कशाला बोलू, मला माझंच कौतुक वाटत होतं.

श्रावणात ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बैठक घेतली. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. मी भिंतीवर मोठा कागद लावला. त्यावर एका वावराचा नकाशा, पुरुषांच्या निर्णयाचे तास निळे, बाईच्या निर्णयाचा तास पिवळा. नाव कोणाचंच नव्हतं, नियमच तसा आहे. पण नकाशा सुंदर दिसावा म्हणून मी धुऱ्यावरचं झाड काढलं होतं. गावात वावर सातबाऱ्यावरच्या नावानं कोणी ओळखत नाही, झाडानं ओळखतात. हे मला माहीत असायला हवं होतं. आईसुद्धा आपल्या वावराला चिंचेचं वावर म्हणायची.

हॉलमधल्यांनी आधी झाडाकडे पाहिलं आणि नंतर मामांकडे. मग मागून एकानं विचारलं, "काऊन गा, त्या पिवळ्या तासाचा सातबारा कोनाच्या नावावर हाये?" हशा पिकला. दुसरा म्हणाला, "बैल तरी कोनाचे हायेत ते पुसा!" मामा पहिल्या रांगेत होते. तेही हसले, दुपट्ट्यानं तोंड पुसत हसले. ते हसले म्हणून मला वाटलं, सगळं ठीक आहे. मामी हसत नव्हती. बायांपैकी कोणीच हसत नव्हती, पण माझं लक्ष चहा वाटण्याकडे होतं.

दोन आठवड्यांनी मी गेले. मामी घरी नव्हती म्हणून थेट वावरात गेले. कपाशी हिरवी होती. धुऱ्यालगतचा शेवटचा तास या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबूस होऊन वाळला होता. तूरही गेली होती. वेल जमिनीला चिकटले होते आणि त्यांच्यावर सुपारीएवढ्या शेरण्या सुरकुतून पडल्या होत्या. मी एक उचलून हुंगली. औषधाचा वास आला.

मामी निंदत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले. ती म्हणाली, "धुऱ्यावर तन लय झालं होतं. मारलं त्याइनं." मी म्हटलं, "मामी, हे माझ्यामुळं झालं." ती खुरप्याला लागलेली माती बोटानं काढत राहिली. मग म्हणाली, "त्याइले समदं माईत होतं. तीस वर्सं माईत होतं. पन लोकाइले माईत नोतं की त्याइले माईत हाये. झाकली मूठ होती, पोरी." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. मी तिथंच धुऱ्यावर बसून रडले, आणि मामीनं मला रडू दिलं. समजूत घातली नाही.

निघताना मामा गोठ्याजवळ होते. मला वाटलं, आता हा माणूस मला दोन शब्द सुनावील, आणि मी ऐकून घेईन. त्यांनी हात धुतले, पुढे आले आणि नेहमीसारखे वाकून माझ्या पाया पडले. भाचीवर रागावता येत नाही. एसटीत मी पाय बाकाखाली ओढून बसले, इतकं मला ओशाळं वाटत होतं.

दिवाळीत मी गेले ती रिकाम्या मनानंच. परत येताना मामीनं भिंतीवरची उरलेली एकुलती एक थापी उलथण्यानं सोडवली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली आणि माझ्या पिशवीत घातली. मी नको नको म्हणत होते. ती म्हणाली, "भाचीले रिकाम्या हातानं धाडत नाई. अन् माह्या भिंतीले लावून काय करू? पेराले जागा कोठी हाये?" बडनेऱ्याला वडिलांनी मान वर करून विचारलं, "भेटली?" मी ती थापी दाखवली. त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि स्वयंपाकघरात आईच्या डब्यांच्या फळीवर ठेवली. 

ती थापी सात-आठ महिने तिथं बसून होती आणि मला छळत होती. तिच्यात मामीच्या आईचं बी होतं, आणि कदाचित त्या गावांमधलं शेवटचंच. पुढच्या पेरणीला मी ती घेऊन गेले. "मामी, हे परत घे." मामी एकदम फणकारली, "माहेरातून गेलेलं परत घेते काय कोनी? अवलक्षनी!" आमचं हे चाललं असताना मामा गोठ्यात बैलांना जुंपायची तयारी करत होते. तिकडे तोंड करूनच ते म्हणाले, "भाचीले पेरू दे. धुऱ्याकडं जागा हाये." एवढं बोलून ते बैल घेऊन निघाले.

भाचीनं मामाच्या वावरात काय पेरावं, हे तिला कोण विचारणार? मामा तिफणीवर, मागं सरतं धरून मी, आणि माझ्या शेजारून चालत मामी, सारखी ओरडत, "मूठ ढिली सोड! काय घट्ट धरून रायली, भिकाऱ्याले देतो तशी!" मध्येच तिनं आपल्या कमरेच्या गाठीतलं बाकीचं बी माझ्या मुठीत सरकवलं. मामांनी बैल थांबवले आणि तंबाखू काढली. शेजारच्या वावरातून एकानं आरोळी दिली, "काय पेरून रायले गा?" मामा म्हणाले, "भाचीचा तास हाये!" तो माणूस बरं म्हणाला आणि आपल्या कामाला लागला.

मला ते नाव टोचलं. इतकी वर्षं जे मामीचं होतं ते आता माझ्या नावानं ओळखलं जाणार, आणि मी तर बाईचं नाव पुढं यावं म्हणून आले होते. मी मामीला तसं म्हटलं. ती हसली. "नाव कोनाचंबी असू दे. बी माहं हाये."

उगवण वेडीवाकडी झाली. एका जागी माझ्या मुठीतून ढीग पडला होता, पुढं चार पावलं काहीच नाही. पण वेल आले, भादव्यात फुलं आली. आणि भादव्यातच माझी दोन वर्षं संपली. दक्षिणेकडच्या एका विद्यापीठात नोकरी लागली होती, लगेच रुजू व्हायचं होतं. माझ्या शेवटच्या अहवालात त्या तासाचा उल्लेख नाही. संशोधनाच्या हिशेबानं ही लबाडीच. त्या रकान्यात मी ‘पती’ असंच राहू दिलं. इथंही मी गावाचं नाव लिहिलेलं नाही, आणि धुऱ्यावरचं ते झाड कसलं होतं, तेही नाही.

दिवाळी मी तिकडे एकटीनं केली. भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी वडिलांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरून उचलला.

"तुहे मामा येऊन गेले," ते म्हणाले. "अकोल्याहून पॅसेंजरनं आले. पिशवी देल्ली अन् गेले, चहाबी नाई घेतला. म्हने, भाचीच्या तासातल्या हायेत."

मी विचारलं, "किती?"

"मोजल्या नाई. अर्ध्या तं डब्यातच वाटल्या म्हने त्याइनं." मग म्हणाले, "मांगच्या दाराशी ठेवल्या होत्या सुपात. बजारातून आलो, दार उघडलं, अन् मले वाटलं तुही माय आली."

माझ्या खोलीच्या खिडकीतून खालच्या हॉटेलातल्या सांबाराचा वास येत होता. मी खिडकी लावून घेतली. फोन कानाला धरून मी नाकानं मोठा श्वास घेतला, वेड्यासारखा. आईनं मला असंच फोनवर सांगितलं होतं, आणि मी तिला बाजार दाखवला होता. मी म्हटलं, "बाबा, माझ्यासाठी एक ठेवा ना. मी संक्रांतीला येते."

"टिकत नाई व ते," वडील म्हणाले. आवाजावरून ते आत स्वयंपाकघरात गेले असावेत, डबे सरकवल्याचा आवाज आला. "पन बी धुऊन ठेवलं म्या. आता बडनेऱ्यात शेन कोठी भेटते, ते पाहून रायलो."